आधी पाणी, मग विस्तव

पोरी, तुझं स्वयंपाकघर मी फोनवर पाहिलं. सहा बाय आठ, दोन बर्नरची शेगडी मावेल एवढा ओटा, एक खिडकी, खिडकीखाली नळ, आणि फ्रिज बाहेरच्या खोलीत. "आजी, यात दोन माणसं उभीसुद्धा राहत नाहीत," म्हणालीस. राहतात गं. १९७४ साली दर्यापूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन मी अमरावतीला आले, तेव्हा आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत स्वयंपाकाच्या वाट्याला याहून कमी जागा आली होती. खाली बसून स्टोव्हवर करायचं आणि उठताना मांडणीचा कोपरा डोक्याला लागायचा. पुढे तुझ्या आजोबांची बदली अकोल्याला झाली, तिथलंही घर तसंच. सात माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक मी त्यात केला, आणि पाहुणे आले की अकरांचा.

ओटा काही आपल्याला वाढवता येत नाही. कोणतं काम आधी आणि कोणतं मागून, एवढं मात्र आपल्या हातात असतं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "आधी पाणी पायजो, मंग इस्तो पेटवजो." तेव्हा मला वाटायचं, म्हातारी उगाच काहीतरी बोलते. चार-पाच वर्षं गेल्यावर कळलं की वऱ्हाडातला सगळा स्वयंपाक त्यांनी एका वाक्यात सांगून टाकला होता.

पाण्याचं आधी सांगते, कारण तुझी डाळ शिजत नाही ही तक्रार तू दोनदा केलीस. दोष डाळीचा नाही, कुकरचाही नाही. माझं माहेर खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. वर काळीभोर जमीन आणि खाली विहिरीला खारट पाणी. त्या पाण्यात तूरडाळ घातली की दुपारपर्यंत चूल जाळली तरी दाणा वेगळा आणि पाणी वेगळं. माझी आई डाळीपुरती एक घागर गोड्या पाण्याची वेगळी झाकून ठेवायची आणि त्या घागरीला आम्ही पोरींनी हात लावला तर मार बसायचा. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या दाण्याला आतून घट्ट बांधून ठेवतं, म्हणून तो फुटत नाही.

तुझ्या इमारतीत दोन नळ आहेत ना? एक जीवन प्राधिकरणाचा आणि एक बोअरचा. अमरावतीला नळाचं पाणी ऊर्ध्व वर्धा धरणाचं येतं, मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याहून. आमच्या अकोल्याला काटेपूर्णेचं, महानच्या धरणातलं. डाळ, भात, चहा आणि पीठ या चार गोष्टी धरणाच्याच पाण्यात. भांडी, फरशी, भाज्यांचं पहिलं धुणं बोअरच्या पाण्यात. नळ आला की आधी एक झाकणाचा गंज डाळीसाठी भरून ठेव, मग बाकीचं भर. डाळ धुऊन अर्धा तास त्याच गोड्या पाण्यात भिजू दे. कुकरात हळद आणि तेलाचे दोन थेंब टाक, म्हणजे फेस शिट्टीतून बाहेर येत नाही. चिंच, टमाटर, आमसूल काही म्हणजे काही डाळ शिजायच्या आधी घालू नकोस. आंबट लागलं की दाणा आकसतो. आणि शेजारणीने सांगितलं म्हणून चिमूटभर सोडा टाकत असशील तर ते बंद कर. डाळ मऊ पडते, पण चव साबणासारखी होते आणि डाळीतलं ब जीवनसत्त्व त्यात मरतं.

डाळ घेतानाही एक बघ. वऱ्हाडात नवी तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. तेव्हा थोडं थांबून, फेब्रुवारी-मार्चमध्ये डाळ भर. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने, म्हणजे आपल्या पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या विद्यापीठाने, गावात बसवता येईल अशी छोटी डाळ मिल तयार केली. तशा मिलवर भरडलेली डाळ कुणी ओळखीचं आणून देत असेल तर ती घे. तिला बाजारातल्या डाळीची चकाकी नसते, दाणाही थोडा तुटका असतो, पण वरणाला वास येतो. तो वास आला की तुला कळेल मी काय म्हणते ते.

आता विस्तवाचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो. त्यात सहा बाय आठची खोली, वर स्लॅब तापलेला आणि समोर शेगडी. अशा खोलीत दुपारी बारा वाजता पोळ्या लाटणं हे धाडस नाही, अविचार आहे. उन्हाळ्यात शेगडी सकाळी आठला बंद झालीच पाहिजे. त्यासाठी तयारी आदल्या रात्रीची: भाजी निवडून, चिरून डब्यात, लसूण सोललेला, डब्यांच्या झाकणांची जुळवणी झालेली. सकाळी उठलं की एकीकडे कुकर, दुसरीकडे तवा. कुकरात खाली डाळ, वर भात, त्यावर झाकणाच्या वाटीत दोन आलू. डाळ असेल तर कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, नाहीतर शिट्टीची नळी तुंबते. तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर आणि वाफ आपोआप बसू दे. त्या दहा मिनिटांत डाळ फुकट शिजते. घाईने शिट्टी उचलून वाफ सोडलीस तर ती सगळी गरमी तुझ्याच खोलीत भरते.

संध्याकाळी विस्तव लागलाच पाहिजे असं नाही. सकाळच्या भाकरी सुती फडक्यात गुंडाळून ठेवल्या की रात्री चांगल्या लागतात. मही म्हणजे ताक, कांदा, जवसाची चटणी, फल्लीच्या दाण्यांची चटणी, कैरीचा कीस. आम्ही उन्हाळ्याचे तीन महिने रात्री असंच जेवायचो आणि कुणी उपाशी झोपलं नाही. भात मात्र रात्रीसाठी असा ठेवू नकोस. शिजलेला भात उरला तर पसरट ताटात गार कर आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाक. मे महिन्यात सकाळचा भात संध्याकाळी तार सोडतो, आणि तार दिसण्याच्या आधीच तो बिघडलेला असतो.

कूलरबद्दल ही गोष्ट नीट ऐक, कारण पुस्तकात ती सापडणार नाही. तुमच्या बाहेरच्या खोलीतला कूलर सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून आहे, ते मी पाहिलं. कूलरची हवा खोलीतून बाहेर जायला वाट मागते आणि तुझ्या घरात ती वाट स्वयंपाकघराच्या खिडकीतून आहे. हे तसं चांगलं, शेगडीची गरमी त्या हवेबरोबर बाहेर जाते. पण झोत थेट बर्नरवर आला तर बारीक केलेली ज्योत विझते आणि गॅस तसाच चालू राहतो. आमच्याकडे एकदा दूध ठेवून मी अंगणात गेले आणि परत आले तर घरभर वास. त्या दिवसापासून कूलरचं तोंड मी भिंतीकडे वळवलं, म्हणजे हवा भिंतीवर आपटून फिरून येते. तूही वळव. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद कर, दार-खिडकी उघड, बाहेर निघ आणि १९०६ला फोन लाव. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलेंडर ओट्याखाली बंद कपाटात कोंबायचा नाही. तिथे खाली जाळी किंवा फट पाहिजे. नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की नळी बदलायची, ती कितीही नवी दिसो. आणि जोडणीवर साबणाचं पाणी लावून पाहायचं; काडी लावून पाहणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांचं ऐकायचं नाही.

माठ शेगडीपासून लांब ठेव. कपाटात नको, कोपऱ्यात नको. जिथून हवा जाते तिथे, खिडकीच्या वाऱ्यात. माठातलं पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं, म्हणून गार होतं. वारा नसेल तर तो नुसता हंडा.

भाकरीचं तू विचारलं नाहीस, पण जावईबापूंना भाकर आवडते हे मला कळलंय, आणि त्यांना शिकायचीही आहे, हे तर फारच चांगलं झालं. दोघांनी शिका. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, ते नुसतं गार पाण्याने धरलं की थापताना कडेने फाटतं. म्हणून पाणी उकळतं पाहिजे. पीठ कोपरात, म्हणजे परातीत, घ्यायचं, मधे आळं करायचं, उकळतं पाणी ओतून सराट्याने (उलथण्याने) कालवायचं, आणि हाताला सोसेल इतकं झालं की तळहाताच्या टाचेने रगडायचं. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं. सगळं पीठ एकदम मळून ठेवलं की तिसऱ्या भाकरीपर्यंत ते ढिलं पडतं. हाताला पीठ लावून, गोल फिरवत थापायची. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी सुकायच्या आतच पलटायची. पाणी पूर्ण सुकलं की भाकर तडकते. दुसरी बाजू नीट शेकू द्यायची, मग आचेवर धरायची, फुगते.

एवढं करूनही फाटत असेल तर पीठ जुनं आहे. पिठाची विरी गेली की कुणाच्याही हाताने भाकर होत नाही. म्हणून लहान घरात पिठाचा डबा लहानच पाहिजे: दोन किलो ज्वारी दळायची, आठ-दहा दिवसांत संपवायची, पुन्हा दळायची. गिरणीवाल्याला सांगायचं, गव्हावर लगेच ज्वारी टाकू नको. तो ऐकेल, रोजचं गिऱ्हाईक असलं की ऐकतात.

एका कढईत होणारे पदार्थ आधी हातात बसव, कारण तुझ्याकडे भांडी मांडायला जागा नाही. आपल्या वऱ्हाडी स्वयंपाकात ते भरपूर आहेत. पाटोडी घे. कढईत फोडणी, त्यात लसूण, तिखट, हळद. एक वाटी चुनाला, म्हणजे बेसनाला, दीड वाटी पाणी आणि मीठ. पाणी उकळलं की आच मंद करून चून एका हाताने सोडायचं, दुसऱ्या हाताने घोटत राहायचं. गुठळी झाली तर घाबरायचं नाही, सराट्याने कडेला दाबून मोडायची. झाकण ठेवून दोन वाफा. बोटाला चिकटेनासं झालं की तेल लावलेल्या ताटात लगेच थापायचं. गार झाल्यावर थापशील तर भेगा पडतात. वर खोबरं आणि सांबार. (तुझी पुण्याची मैत्रीण आली तर तिला सांग, सांबार म्हणजे कोथिंबीर. नाहीतर ती इडली शोधत बसेल.) आता ती खरकटी कढई धुवायची नाही. कडेला लागलेल्या चुनाच्या खरपुडीवरच तेल घाल आणि भाजलेला कांदा, खोबरं, लसणाचं वाटण परत. तीच खरपुडी रश्शाला दाट करते. पाटोड्या ताटात राहतात, रस्सा कढईत, एक भांडं वाचलं आणि चवही वाढली.

कढीगोळ्यांचं तसंच. वाटीभर हरभऱ्याची डाळ चार तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळून जाडसर वाटायची. वाटताना पाण्याचा थेंबसुद्धा घालायचा नाही, तिथेच सगळं बिघडतं. तिखट, मीठ, जिरं, सांबार घालून लहान लिंबाएवढे गोळे. मह्याला थोडं चून लावून कढी करायची आणि उकळी येईपर्यंत डाव थांबवायचा नाही. उकळी आली की आधी एकच गोळा सोडून बघ. तो फुटला तर वाटणात चमचाभर चून घाल. नाही फुटला तर बाकीचे एक एक करून सोड, आणि ते वर तरंगून येईपर्यंत कढईला हात लावू नकोस. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या कढीगोळ्यांचं पिठलं झालं होतं, कारण मी ढवळत बसले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत डाळ भिजत घातली आणि माझ्या शेजारी बसून राहिल्या, एवढंच. शिकवायची ही रीत मला अजून जमलेली नाही, मी बोलते फार.

मिरची भाजायची असेल, ठेच्यासाठी म्हण, तर तव्यावर तेलाचा थेंब आणि मीठ टाकून, वर झाकण ठेवून भाज. उघड्यावर भाजलीस तर अख्ख्या मजल्याला ठसका लागेल. तळण हिवाळ्यासाठी ठेव. गिला वडा खावासा वाटला तर तू अमरावतीतच आहेस, बाहेर जाऊन खा.

हिवाळ्याबद्दल लिहायला बसले तर कागद पुरणार नाही. तुरीच्या ओल्या शेंगा बाजारात आल्या की संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर बसून सोले काढा. सोले आणि वांगी, सोल्यांचा भात, सोल्यांची आमटी. सांबार तेव्हा स्वस्त असतो, त्याच्या वड्या कर. कोवळे दांडे टाकू नकोस, ते वरणात घाल. हे दोन-तीन महिने खाऊन घ्यायचे असतात.

साठवणीत तुझी चूक होते आहे. तू महिन्याचं सगळं सामान आणून ओट्यावर मांडलंस आणि ओटा संपला. ओट्यावर फक्त मिठाचा, तेलाचा आणि फोडणीचा डबा. बाकी सगळं भिंतीवर मांडणीत, जड डबे खाली, हलके वर. तूरडाळ वर्षाची भरत असशील तर एप्रिल-मेच्या कडक उन्हात दोन दिवस वाळवून, तळहाताला एरंडेल लावून चोळून ठेव, किडा लागत नाही. चून मात्र वर्षाचं भरू नकोस, पावसाळ्यात त्यात जाळं धरतं आणि ते चाळून काढलं तरी वास जात नाही. रवा कोरडा भाजून ठेव.

आणि मुंगवड्या. ज्या घरात मुंगवड्यांचा डबा आहे त्या घरात भाजी नाही म्हणून कुणी अडत नाही. जून-जुलैत भाज्या महाग होतात, पावसात बाजारात जाववत नाही, तेव्हा मूठभर वड्या तेलावर लालसर परतायच्या, कांदा-लसणाच्या फोडणीत पाणी उकळून त्यात सोडायच्या, आलू असला तर एक आलू. झाली भाजी. तुमच्या गच्चीची किल्ली खालच्या काकूंकडे असते म्हणालीस. त्यांना विचार आणि त्यांच्याही वड्या आपल्यासोबत घालायला सांग. गच्ची मागायची ती एकटीसाठी मागू नये. मुगाची डाळ रात्री भिजवायची, पहाटे जाडसर वाटायची, हिरवी मिरची, आलं, लसूण, सांबार घालून ऊन वर येण्याआधी प्लास्टिकच्या कागदावर बोटाने वड्या घालायच्या. मीठ बेताचं, वाळल्यावर ते वर येतं. आपल्या उन्हात दोन-तीन दिवसांत दगड होतात. डब्यात टाकल्यावर खडखड वाजल्या पाहिजेत. वाजल्या नाहीत तर अजून एक ऊन.

रोडग्यांचा हट्ट मात्र या खोलीत धरू नकोस. कुणी ओव्हनमध्ये करतात, कुणी कढईत. मी दोन्ही खाऊन पाहिले. रोडगा गोवऱ्यांच्या विस्तवातला. कणकेचे थर एकात एक लपेटून केलेला गोळा, वरून राख झटकलेला, फोडला की आतून वाफ, त्यावर तूप, बाजूला वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. ते वावरात, आंब्याखाली, वीस-पंचवीस माणसांत होतं. काकाच्या वावरात मारुतीचे रोडगे असतील तेव्हा दोघं रजा काढून या. घरी खावंसं वाटलंच तर वरणफळं कर, उरलेल्या वरणाचाही उपयोग होतो.

रात्रीचं शेवटचं काम मोरीचं. तू राहतेस त्या गावात गाडगेबाबांची समाधी आहे. २० डिसेंबर १९५६ला वलगावजवळ ते गेले, गाडगेनगरला त्यांना ठेवलं. माझ्या वडिलांनी त्यांना हातात खराटा घेतलेलं पाहिलं होतं आणि ते सांगताना प्रत्येक वेळी त्यांचा आवाज बदलायचा. त्या गावात राहून खरकटी भांडी रात्रभर ठेवायची नाहीत. लहान स्वयंपाकघरात तर मुळीच नाही, सकाळी भांड्यांमुळे ओटाच मिळत नाही आणि सगळा क्रम तिथेच मोडतो. दोघांनी मिळून केलं तर दहा मिनिटांचं काम आहे. एकाने घासायचं, एकाने विसळायचं. मग ओटा पुसायचा, मोरीच्या जाळीतलं काढायचं, रेग्युलेटर बंद, आणि सकाळच्या डाळीचं पाणी झाकलेलं आहे ना ते पाहायचं.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने मी येते आहे. जवसाची चटणी, मुंगवड्या आणि पाच किलो डाळ आणते. काचेच्या रिकाम्या बरण्या असतील तेवढ्या धुऊन शनिवारी दिवसभर गच्चीत उन्हात ठेव, झाकणंसुद्धा. ओल राहिली तर चटणी आठ दिवसांत बुरसते.